भरावाखालून पाणी कुठून जाणार, ते आधी विचारा

तुमच्या पत्राचा सारांश असा. गाव पेण तालुक्यात, खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या सखल खारजमिनीत. पनवेलकडून लोकल खाली आणण्याच्या प्रस्तावासाठी मोजणीवाले येऊन गेले आणि शेताच्या बांधावर दगड रोवून गेले. दीड एकर भातशेती त्या रेषेत येते, घर दगडापासून साठेक मीटरवर आहे. जमीन किती जाईल, भाव काय मिळेल, घराला तडे जातील का, आईला रात्री झोप लागेल का, मुलाला वरचा मजला चढवायचा आहे तो चढवावा का आणि मुळात ही गाडी येणार का, असे तुमचे प्रश्न. आणि अगदी शेवटी, जाता जाता, ‘पावसात पाणी तुंबणार नाही ना?’

माझी नोकरी रेल्वेच्या बांधकाम खात्यात गेली: आखणी, भराव, मोऱ्या (भरावाखालून पाणी जाण्याच्या वाटा), पूल; बरीचशी कोकणातच. माझ्या मते तुमची शेवटची ओळ पहिली हवी होती. भावाचं भांडण पुढे लवादापर्यंत नेता येतं. पाण्याचा निर्णय नकाशावर होतो आणि एकदा भराव उभा राहिला की तो कुणी उकरत नाही.

आधी गाडी येणार का, ते उरकतो. दगड रोवले म्हणजे जमीन गेली, असं नाही. मागणी, प्राथमिक सर्वेक्षण, अंतिम आखणीचं सर्वेक्षण, सविस्तर प्रकल्प अहवाल, मंजुरी, निधी आणि मग भूसंपादन अशी ही उतरंड असते आणि प्रत्येक पायरीवर प्रकल्प वर्षानुवर्षं बसून राहू शकतो. उरणचं उदाहरण तुमच्या शेजारचं आहे. तो मार्ग 1997 साली ठरला. खारकोपरपर्यंत गाडी धावली 2018 च्या नोव्हेंबरात आणि उरणला पोचली 12 जानेवारी 2024 रोजी. सगळा मिळून 27 किलोमीटर! वैभववाडी–कोल्हापूर मार्ग 2016-17 च्या अर्थसंकल्पात आला, त्यावर अजून गाडी नाही. म्हणून ‘सर्व्हे मंजूर’ या बातमीवर जमीन विकू नका, घेऊही नका. दलाल सर्वेक्षणाच्या आधीच गावात येतात, तुमच्याकडेही येऊन गेले असतील.

शिवाय ‘लोकल’ म्हणजे काय, तेही विचारा. दिवा–रोहा मेमू (जवळच्या पल्ल्याची विजेवरची गाडी) आजही पेणवरून जाते. पनवेल–रोहा दुहेरी मार्ग आहे, पण कोकण रेल्वेच्या मुंबईच्या सगळ्या गाड्या आणि मालगाड्या त्यावरूनच जातात. त्याच रुळांवर आणखी चार मेमू टाकणं वेगळं आणि लोकलसाठी रुळांची स्वतंत्र जोडी टाकणं वेगळं. तुमच्या शेतात दगड आलेत म्हणजे दुसरा प्रकार डोक्यात आहे, असं धरून पुढचं लिहितो.

आता जमीन. दोन रुळांसाठी चाळीस मीटर रुंद पट्टा कशाला, असा प्रश्न लोकांना पडतो. दुहेरी ब्रॉडगेजच्या भरावाचा माथा साधारण 13 मीटर रुंद असतो. खारेपाटात पुराच्या पातळीच्या वर राहायचं म्हणून भराव पाच मीटर उंच धरू. उतार एकास दोन, म्हणजे दोन्ही अंगांना दहा-दहा मीटर. पाया झाला 33 मीटर. त्याच्या बाजूने गटार आणि देखभालीचा रस्ता धरला की चाळिशी ओलांडते. तुमच्या शेतातून ही पट्टी शंभर मीटर लांब गेली तर साठ गुंठ्यांतले चाळीस गुंठे गेले आणि उरलेले वीस रुळांच्या दोन बाजूंना विभागले. अशा तुकड्यात नांगर फिरत नाही. तुकडा पडल्याचं नुकसान भरपाईत वेगळं धरावं लागतं आणि ते तुम्ही मागितल्याशिवाय बहुधा कुणी धरत नाही.

याच हिशेबाने मातीचं बघा. एक किलोमीटर भरावाला एक लाख पंधरा हजार घनमीटरच्या आसपास मुरूम-माती लागते. एका हायवात, म्हणजे मोठ्या डंपरात, पंधरा घनमीटर धरले तर पावणेआठ हजारांच्या आसपास फेऱ्या होतात, तितक्याच रिकाम्या परतीच्या. हा मुरूम कुठल्या डोंगरातून येणार आणि कुठल्या गावच्या रस्त्याने, हे प्रकल्प अहवालात एखाद्या वाक्यात उरकलेलं असतं. तुमच्या रस्त्यावरून येणार असेल तर रस्ता आधी मजबूत करून द्या आणि काम संपल्यावर पुन्हा करून द्या, ही मागणी ठेकेदार नेमण्यापूर्वी करायची. ठेकेदार आल्यावर तो ‘निविदेत नाही’ म्हणतो आणि त्याचं बरोबरच असतं.

आता मुख्य गोष्ट. खारेपाटातलं पाणी नदीसारखं सतत वाहत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. डोंगराकडून आलेलं पावसाचं पाणी शेतातून नाल्यात, नाल्यातून बांधापर्यंत आणि तिथून उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, खाडीत जातं, तेही ओहोटीलाच. भरती चढली की उघाडीचं दार बंद होतं आणि पाणी आत थांबून राहतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला दार जास्त वेळ बंद राहतं. आणि पाऊस काही भांगाची (कमी भरतीची) तिथी बघून पडत नाही.

मोऱ्यांचं गणित मात्र बऱ्याचदा डोंगरातल्या ओढ्याच्या पद्धतीने मांडलं जातं: पाणलोट किती, पाऊस किती, प्रवाह किती, मोरी किती. साधा हिशेब करून दाखवतो. एक चौरस किलोमीटर पाणलोटावर दिवसभरात 200 मिलिमीटर पाऊस पडला, जो कोकणात दर पावसाळ्यात कुठे ना कुठे पडतोच, तर दोन लाख घनमीटर पाणी होतं. ते चोवीस तासांत सारखं वाहून जाणार असेल तर सेकंदाला अडीच घनमीटरपेक्षा कमी प्रवाह धरून मोरी चालते. पण दोन्ही ओहोट्या मिळून हाताशी दहाच तास असतील तर तेच पाणी सेकंदाला साडेपाच घनमीटरने गेलं पाहिजे, म्हणजे मोरी दुपटीहून मोठी लागते. कागदावरची मोरी नियमात बसते आणि तुमच्या भातात चार दिवस पाणी उभं राहतं. लावणी नुकतीच झालेली असेल तर रोप कुजतं.

दुसरी गोष्ट मोरीच्या तळाच्या पातळीची. सर्वेक्षण उन्हाळ्यात होतं, कारण चिखलात यंत्र उभं राहत नाही. तेव्हा नाला कोरडा आणि गाळाने भरलेला असतो. मोजणारा गाळाच्या माथ्याची पातळी लिहून नेतो. मोरी त्या पातळीवर बसली की ती कायमची अर्धा-पाऊण मीटर उंच बसते आणि तेवढं पाणी वरच्या बाजूला तळ्यासारखं राहतं. नाल्याचा खरा तळ कुठे आहे, हे दरवर्षी तो उपसणाऱ्याला ठाऊक असतं. मोजणीवाले परत आले तर तुमच्यातला एखादा जुना माणूस पहारीने तळ दाखवायला सोबत पाठवा. उघाड्या कुठे आहेत, कुठली चालू, कुठली मोडलेली, उधाणाचं पाणी बांधावर कुठवर चढतं, जुलै 2005 आणि जुलै 2021 ला पाणी कुठे पोचलं होतं, हे सगळं गावाच्या नकाशावर खुणा करून त्यांच्या हातात द्या. मी नोकरीत असताना असा नकाशा घेऊन येणाऱ्या गावाचं म्हणणं आम्हाला टाळता येत नसे. रुळांवर झोपून निषेध करणाऱ्या गावाशी बोलायला पोलीस जात.

तिसरी गोष्ट म्हणजे कामाचा कच्चा रस्ता. पहिल्या पावसाळ्यात गावात पाणी भरतं, तेव्हा रेल्वेचा भराव बऱ्याचदा उभासुद्धा नसतो. डंपर जावेत म्हणून ठेकेदाराने नाल्यात मुरूम टाकून रस्ता केलेला असतो आणि त्याखाली पाइप टाकलेले नसतात, किंवा एकच टाकलेला असतो. 31 मे पूर्वी नाले मोकळे करायचे, हे निविदेच्या अटींत लिहून घ्या. साधी अट आहे, पण ती नसल्यामुळे झालेली भांडणं मी पाहिली आहेत.

आणि चौथी मागणी मोठी, तरी करून बघाच. खाजणाचा, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली येणाऱ्या दलदलीचा, सखल पट्टा जिथे आहे तिथे भरावाऐवजी खांबांवरचा पूल मागा. रेल्वे खर्चाचं कारण देईल. पण खाडीकाठची मऊ चिकणमाती भराव सहन करत नाही. टप्प्याटप्प्याने माती चढवत, आतलं पाणी बाहेर काढायला उभ्या निचरापट्ट्या घालत काम करावं लागतं आणि तरी भराव वर्षानुवर्षं खचत राहतो. घाईने चढवला तर कडेची जमीन फुगून वर येते. तो खर्च धरला की पुलाशी तुलना दिसते तेवढी एकतर्फी राहत नाही. निदान तुलना करून दाखवा, एवढं तरी लेखी मागता येतं.

खाजणात कांदळवन (खारफुटी) असेल तर वेगळा मुद्दा आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर 2018 च्या निकालाप्रमाणे सार्वजनिक प्रकल्पासाठीही कांदळवन तोडायचं तर न्यायालयाची परवानगी लागते आणि भोवतीचा पन्नास मीटरचा पट्टाही राखीव धरला जातो. किनारा नियमन क्षेत्राची मंजुरीही घ्यावी लागते. त्या अर्जासोबत जे नकाशे जोडतात, ते रेल्वेने गावाला दाखवलेल्या नकाशापेक्षा कितीतरी तपशीलवार असतात. ते मिळवा.

पर्यावरणाची जनसुनावणी होईल तेव्हा बोलू, असं तुमच्या गावात कुणी म्हणत असेल तर त्याला थांबवा. रेल्वेमार्ग 2006 च्या पर्यावरण आघात अधिसूचनेच्या यादीत नाहीत. कारखान्याला किंवा बंदराला होते तशी जनसुनावणी रेल्वेला होत नाही. तुमच्या हातात येते ती भूसंपादनातली हरकत. रेल्वे अधिनियमाच्या कलम 20अ खाली जमीन घेण्याचा इरादा प्रसिद्ध होतो आणि त्या तारखेपासून तीस दिवसांत कलम 20ड खाली लेखी हरकत घ्यायची असते. ही अधिसूचना राजपत्रात आणि दोन स्थानिक वर्तमानपत्रांत येते, तुमच्या दारात येईलच असं नाही. हरकत घेतली की सक्षम अधिकाऱ्याने, म्हणजे बहुधा प्रांतांनी, तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. ‘आमचा विरोध आहे’ एवढंच लिहिलं तर ती फेटाळायला एक ओळ पुरते. अमुक गटातून जाणारा नाला, त्याची रुंदी, उघाडीचं ठिकाण आणि मागितलेली मोरी असं लिहिलं तर उत्तर द्यावं लागतं आणि ते उत्तर पुढे कागद म्हणून कामी येतं.

त्याच अधिनियमाचं कलम 16 गावांना फारसं माहीत नसतं. रुळांमुळे वहिवाट तुटली किंवा पाण्याची वाट अडली तर त्यासाठी रस्ते, मोऱ्या, गटारं करून देणं आणि राखणं ही रेल्वेची जबाबदारी आहे. मात्र मार्ग वाहतुकीला खुला झाल्यापासून दहा वर्षांनंतर नव्या कामाचा खर्च रेल्वेवर लादता येत नाही. म्हणजे पाणी तुंबू लागलं तर पहिल्याच पावसाळ्यापासून तारखेसह अर्ज देत राहायचं.

वहिवाटीवरून आठवलं. नव्या मार्गांवर फाटकं ठेवत नाहीत, रुळांखालून भुयारी रस्ता काढतात. खारेपाटात असा रस्ता म्हणजे पावसाळ्याचे चार महिने हौद. पंप बसवतात, पण वीज जाते आणि पंपवालाही जातो. शिवाय उंची मर्यादित असते. तुमच्या बाजूला हमरापूर-जोहे इथे गणपतींचे कारखाने आहेत. मोठ्या मूर्ती भरलेला टेम्पो त्या भुयारातून निघेल का, हे मूर्तिकारांना विचारा आणि त्यांनाही हरकतीत सामील करून घ्या. पेंढ्याने भरलेला ट्रॅक्टर आणि अग्निशमनाची गाडी हेही त्याच मापाने बघायचं. गावाला निदान एक वरून जाणारा पूल मिळायला हवा.

आता पैसे. भाव ठरवताना रेडीरेकनरचा, म्हणजे सरकारी, दर आणि आसपासच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांपैकी जास्त किमतीच्या निम्म्यांची सरासरी बघतात, त्यातला जास्तीचा धरतात. ग्रामीण भागात त्याला एक ते दोनमधला गुणक लागतो. घर, विहीर, झाडं यांची किंमत त्यात मिळवतात आणि या सगळ्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम असते. शिवाय अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत बाजारभावावर दरसाल बारा टक्के. गुणक तुमच्या गावाला काय लागतो, ते प्रांत कार्यालयात लेखी विचारा. यातली गोम तुमच्या लक्षात आली असेल. गावात व्यवहार दहा लाखांचा होऊन कागदावर चार लाख लिहिले गेले असतील, तर वाचवलेल्या मुद्रांक शुल्काची किंमत आता अख्खा गाव मोजतो.

थेट खरेदीने, वाटाघाटीतून जमीन दिली तर राज्याच्या धोरणानुसार पंचवीस टक्के जास्त मिळतात, पण त्यानंतर वाढीव भरपाईचा रस्ता बंद होतो. दर पटत असेल तर जमीन तशी द्यावी. पटत नसेल तर निवाड्याची रक्कम हरकत राखून उचलायची आणि लवादाकडे जायचं. नोकरीचं आश्वासन कुणी भाषणात दिलं तर ते कागदावर मागा.

खरं घोडं अडतं सातबाऱ्यावर. कोकणातल्या सातबाऱ्यावर वीस-तीस नावं असतात. त्यातली निम्मी माणसं हयात नसतात, चार मुंबईत असतात, दोन आत्यांची नावं लागलेलीच नसतात आणि एखादं जुनं कूळ असतं. वाद निघाला की रक्कम तिथेच अडकते आणि सगळे वाट बघत बसतात. वारस नोंदी, फेरफार, वाटप हे आत्ता, सगळे गोडीत असताना करून घ्या. पैशाचा आकडा कळल्यावर गोडी राहत नाही. संयुक्त मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा. आंबा, नारळ, विहीर, गोठा, जिताडा माशाचं तळं, यातलं पंचनाम्यात जे लिहिलं गेलं नाही त्याचा पैसा मिळत नाही. भातानंतर वाल घेत असाल तर ई-पीक पाहणीत तो दर वर्षी नोंदवा.

स्थानक कुठे येणार, यावरही वेळीच बोला. सावंतवाडीचं स्थानक मळगावला आहे, गावातला माणूस तिथवर रिक्षाला पैसे मोजतो. लोकल रोजची असते, तिथे हा भुर्दंड रोज दोनदा पडेल.

घराचं सांगतो. साठ मीटरवर धावत्या गाडीने तडे जायची शक्यता कमी. धोका कामाच्या काळात आहे, पुलाचे खांब ठोकताना आणि कंपन करणारे रोलर फिरताना, कारण मऊ मातीतून हादरा दूरवर जातो. काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक खोलीचे, जोत्याचे, भिंतींचे तारखेसह फोटो काढून ठेवा आणि शक्य तर ठेकेदाराच्या माणसाची त्यावर सही घ्या. आधीचे तडे लपवू नका, तेही टिपा, म्हणजे नव्यावर वाद होत नाही. आईंच्या झोपेचं म्हणाल तर चाकांच्या आवाजाची सवय होते. भोंग्याची होत नाही आणि रात्री गाड्या बंद असताना देखभालीची यंत्रं चालतात, त्यांचीही होत नाही. घर वळणाजवळ किंवा स्थानकाच्या टोकाला येत असेल तर आवाजरोधक भिंत मागण्यात तथ्य आहे, एरवी त्यावर शक्ती घालवू नका.

मजल्याबद्दल: रेल्वेच्या हद्दीपासून तीस मीटरच्या आत बांधकाम करायचं तर रेल्वेचा ना-हरकत दाखला लागतो. हे अंतर हद्दीपासून मोजतात, रुळापासून नाही. तुमच्याकडचा दगड मध्यरेषेचा असेल तर हद्द त्याच्यापासून वीसेक मीटरवर येईल आणि घर चाळीस मीटर लांब, म्हणजे मजला चढवायला अडचण नाही. दगड हद्दीचा असेल तर आणखी सुटसुटीत. पण तिथे स्थानक किंवा जादा रूळ येणार असतील तर पट्टा रुंद होतो आणि हे माप बदलतं. दगड कशाचा आहे, हे सर्वेक्षण करणाऱ्या कार्यालयाकडून माहिती अधिकारात नकाशासह मागवा. मुलाला तोवर वाळू-सिमेंटवर पैसे घालायला लावू नका, ग्रामपंचायतीचा आणि नियोजन प्राधिकरणाचा बांधकाम परवाना मात्र काढून ठेवू दे. परवान्याचं बांधकाम भरपाईत मोजलं जातं, विनापरवान्याचं मोजून घेताना नाकी नऊ येतात.